निस्सीम एझिकेल आणि तेलाचा घाणा

कवी निस्सीम एझिकेल यांची जन्मशताब्दी २०२४ साली झाली. आपल्या मंडळींत त्यांचे नाव निघाले की अजूनही दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. धर्माचरणाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता, हा एक. आणि मराठी घरातला मुलगा असून त्यांनी आयुष्यभर इंग्रजीत लिहिले, हा दुसरा. दोन्ही आक्षेप खोटे नाहीत. पण ते घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांची 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' ही कविता वाचली आहे, असे आम्हांला विचारावेसे वाटते.

ही कविता १९७६ च्या 'हिम्स इन डार्कनेस' या संग्रहात आहे. कवी आपली हकीकत सांगतो, आणि तीही एखादा अर्ज भरावा तशा कोरड्या सुरात. कॅथलिक शाळेत ख्रिस्ताला मारणाऱ्यांचा वंशज म्हणून टोमणे खाल्ले, लंडनच्या तळघरातल्या खोलीत दिवस काढले, परतताना मालवाहू जहाजाचे डेक घासले. कोठे तक्रार नाही. शीर्षकातही 'सहज' असा शब्द आहे. आम्ही प्रथम वाचली तेव्हा हा सहजपणा आम्हांला थंडपणा वाटला होता. पुन्हा वाचताना कळले की, जे सांगताना आवाज कापेल तेच कवीने मुद्दाम सपाट आवाजात सांगितले आहे.

मग येतात पूर्वज. बिया गाळून पोट भरणारी, जातींच्या गर्दीत परकी राहिलेली माणसे, आणि घाण्याभोवती फिरणारा डोळे झाकलेला बैल. आमच्या लहानपणी पाहुण्यांसमोर कोणी 'शनिवार तेली' हे शब्द काढले की वडीलधारी माणसे चहाची चौकशी करू लागत. मुंबईत कारकून, शिक्षक, डॉक्टर झालेल्या समाजाला कोकणातला घाणा नकोसा वाटणे समजण्यासारखे आहे. जो घाणा आपण झाकून ठेवला, तो एझिकेल यांनी जगापुढे ठेवला, आणि त्याची लाजही बाळगली नाही, अभिमानही मिरवला नाही. स्वतःला ओळखायला बसलेल्या माणसाला आजोबा-पणजोबांना वगळता येत नाही, हे त्यांना कविता लिहितानाच उमगले असावे. भाषणात किंवा निबंधात तो बैल आला नसता.

मात्र एक गोष्ट आम्हांला खटकते. त्या कवितेतला बैल फिरतच राहतो. शनिवारी तो थांबत असे, हे कवी सांगत नाही. आणि नेमक्या त्या थांबण्यावरून तर गावाने आपल्याला ओळखले! शेमा आठवत होता, शाब्बाथ पाळला जात होता, बाकी बरेचसे विसरले गेले होते. त्या वेळच्या एझिकेल यांना कष्ट दिसले, विसावा दिसला नाही.

तो विसावा शोधायला ते पुढे पवित्र ग्रंथाकडे वळले, असे आम्ही म्हणणार नाही. ते भांडायला वळले. 'लॅटर-डे साम्स' हा त्यांचा संग्रह १९८२ चा. त्याला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात दाविदाच्या स्तोत्रांना त्यांनी जी उत्तरे दिली आहेत, ती सगळीच जमलेली नाहीत. काही ठिकाणी वाद उरतो आणि कविता निसटते. पण ज्याच्याशी नाते नाही त्याच्याशी कोणी इतक्या तपशिलाने भांडत नाही. आपल्या पूर्वजांनी १८८० च्या सुमारास बायबलातल्या कथा मराठी कीर्तनात आणल्या, तेव्हा तेही परक्या सुरात आपले स्तोत्र गातच होते.

भाषेच्या आक्षेपाबद्दल थोडेच. वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेणारे एझिकेलच. मराठी त्यांनी टाकली नव्हती.

कवितेच्या अखेरीस, आहोत तेथेच राहायचे, असे ते ठरवतात. १९४८ नंतर आपली बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. अश्दोद किंवा दिमोना येथील वाचकाला या ओळी टोचतील, आणि ठाण्यातल्या वाचकाला त्या वाटतात तितक्या सोप्याही नाहीत.

ही कविता कोणी मराठीत आणायला घेतली, तर 'शनिवार तेली' हे शब्द घालावेत की नाही, असा प्रश्न त्याला पडेल. मुळात ते नाहीत. आम्ही घातले नसते. वाचताना मात्र ते आम्हांला ऐकू येतात.