मुक्त की व्यापारी? : अखंड सेवेच्या सर्व्हरविषयीच्या एका वादाची चिकित्सा

ज्या सर्व्हरची सेवा काही मिनिटे खंडित झाली तरी संस्थेचे कामकाज ठप्प होते, त्यासाठी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी की व्यापारी, हा वाद आपल्याकडे बहुधा किमतीपासून सुरू होतो आणि विश्वासार्हतेच्या दाव्यांवर संपतो. हे दोन्ही निकष अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे मराठीत दोन स्वतंत्र शब्द असूनही खरेदी समितीच्या बैठकीत ते एकच होऊन बसतात. वास्तविक रेड हॅटचे लिनक्स मुक्त आहे. परंतु त्याचे अधिकृत साहाय्य वार्षिक वर्गणी भरल्यावरच मिळते.

विश्वासार्हतेच्या संदर्भात लंडन शेअर बाजाराचे उदाहरण वारंवार दिले जाते. जून २००७ मध्ये या बाजाराने ‘ट्रेडइलेक्ट’ ही विंडोज सर्व्हर २००३ वर आधारलेली व्यवहार प्रणाली सुरू केली. मायक्रोसॉफ्टने तिचा उपयोग लिनक्सविरोधी जाहिरातीत केला. ८ सप्टेंबर २००८ रोजी बाजार सुमारे सात तास बंद पडला. पुढे २००९ मध्ये बाजाराने मिलेनियमआयटी ही श्रीलंकेतील कंपनीच विकत घेतली व फेब्रुवारी २०११ मध्ये तिची लिनक्सवर चालणारी प्रणाली स्वीकारली. मुक्त प्रणालीचे समर्थक आपले कथन येथेच थांबवतात. त्याच महिन्यात, २५ तारखेला, नव्या प्रणालीवरील व्यवहार चार तासांहून अधिक काळ थांबले होते, याचा उल्लेख ते सहसा करत नाहीत! २००८ चा दोष विंडोजचा किंवा २०११ चा दोष लिनक्सचा होता, असे या घटनांवरून ठरत नाही. अशा व्यवस्थेत ऑपरेटिंग सिस्टीमवर व्यवहाराचे सॉफ्टवेअर, डेटाबेस, नेटवर्क असे अनेक थर असतात आणि यांपैकी कोणताही एक कोसळला तरी बाजार बंदच पडतो.

मग परवान्याने फरक पडतो तो कोठे? निर्माता हात काढून घेतो तेव्हा. विंडोज सर्व्हर २००३ चे साहाय्य १४ जुलै २०१५ रोजी संपले. सोर्स कोड खुला नसल्याने ती प्रणाली पुढे चालवण्याचा मार्ग अन्य कोणासही नव्हता. सेंटओएस ८ या मुक्त प्रणालीची अवस्था वरकरणी अधिक वाईट झाली. २०२९ पर्यंत अपेक्षित असलेले तिचे साहाय्य २०२१ अखेरच थांबेल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. तथापि सोर्स कोड उपलब्ध असल्याने अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या पर्यायी प्रणाली २०२१ मध्येच उभ्या राहिल्या. जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स कोडच्या सार्वजनिक वितरणावर मर्यादा आणल्या, तरी त्या बंद पडल्या नाहीत.

हा अधिकार वापरण्यासाठी मात्र जाणकार माणूस लागतो, आणि तो मोफत मिळत नाही. परिचयातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा सर्व्हर आजही सेंटओएस ७ वर चालतो. तिचे साहाय्य ३० जून २०२४ रोजी संपले. पर्यायी प्रणाली विनाशुल्क उपलब्ध आहे. ती बसवणाऱ्या तंत्रज्ञाचे मानधन अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली दाखवावे, एवढ्यावरच प्रस्ताव अडून राहिला आहे.