रिकाम्या जात्यावरची गाणी

बारामती-इंदापूरकडच्या लग्नघरात हळदीला जातं अजून निघतं. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधतात, पाच सवाष्णी हात लावतात, दोन-चार फेरे होतात, फोटो निघतो आणि स्पीकर सुरू होतो. ओवी त्यातच कुठेतरी उरकते. ओवीची आजची अवस्था बघायला हे दृश्य पुरे.

ओवीला आपण ‘लोकगीत’ म्हणतो आणि मोकळे होतो. लोकांचं म्हटलं की रचणारी कोण, हे विचारावं लागत नाही. रचणारीचं नाव असं झाकणं युरोपातही चालायचं: संगीतकार फॅनी मेंडेलसोनची सहा गाणी भावाच्या, फेलिक्सच्या नावावर छापली गेली. स्वतःच्या नावानं पहिला संग्रह काढायला तिला 1846 उजाडलं आणि पुढच्याच वर्षी ती गेली. संगीत तुझ्यासाठी दागिना, पोटापाण्याचा धंदा नव्हे, ही वडिलांची शिकवण. तिची मैफल बर्लिनच्या राहत्या घरातच भरायची. आपल्याकडच्या बाईची मैफल अंधाऱ्या सोप्यात, पहाटे. घरंदाज बाईनं चारचौघांत गाणं म्हणजे बदनामी. पण हात दळणात असला की गळ्याला मुभा. सासूबद्दलची, नवऱ्याबद्दलची तक्रार जात्याच्या घरघरीत खपून जायची.

ही रचना कशी होते ते जवळून बघा. ओळी दोन. पहिली बऱ्याचदा ठरलेली, कुणाचीही. नवं काही सांगायचं ते दुसरीत. एक हात खुंट्यावर, दुसरा वैरण घालतो. मधे ‘बाई’, ‘गं’ टाकून आणि अर्धी ओळ घोळवून पुढचा शब्द जुळेपर्यंत वेळ काढायचा. समोर बसून दळणारी दुसरी तोवर साथ धरते. म्हणजे चाल, भर आणि रचना एकाच फेऱ्यात. धान्याविना जातं फिरवलं की दगडावर दगड खडखडतो, तोल जातो. मंचावर नऊवारी नेसून होणाऱ्या ओवीस्पर्धांत नेमकं हेच होतं: पाठ केलेल्या माहेरच्या ओव्या, गोड चाल, आणि कुणालाच न टोचणारा मजकूर. मला त्या ऐकवत नाहीत.

टोचणारा मजकूर बघायचा तर संकलनात: अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. विठ्ठल, भाऊ, लेक, तशीच जातीची आणि मारहाणीची दुःखंही. मोठी गोष्ट ही, की तिथे गाणारीचं नाव, गाव, तालुका नोंदलेला आहे. नाहीतर कवयित्री बहिणाबाई चौधरींचं पुस्तकसुद्धा त्या गेल्यावर, 1952 साली निघालं, तेही मुलानं उतरवून ठेवलं होतं म्हणून.

तरी या नोंदीतही एक पेच राहतोच. नाव आहे ते गाणारीचं. त्यातली आईकडून आलेली ओवी कुठली आणि त्या पहाटे हाताखालच्या बाजरीबरोबर जुळलेली कुठली, हे रकान्यात मावत नाही. पिठाची गिरणी गावात आली आणि ती पहाटच गेली.