पायाखालचा टाळ

संगीतात श्रेय घ्यायला हात आणि गळा पुढे. पाय आपले सतरंजीखाली. अपवाद दोन. एक पायपेटीवाल्याचे पाय, दुसरा ड्रमवाल्याचा डावा पाय. हा डावा पाय ‘हाय-हॅट’ वाजवतो. हाय-हॅट म्हणजे स्टँडवर चढून बसलेले आपले टाळच. पेडल दाबलं की दोन्ही थाळ्या मिटतात आणि काठीचा आवाज येतो ‘टिक’. सोडलं की ‘झॅऽऽ’. आणि पाय जेमतेम सैल ठेवला, की थाळ्या एकमेकींना घासत मधलंच काहीतरी कुजबुजतात. खरी कला या कुजबुजीत.

इलेक्ट्रॉनिक ड्रमला थाळ्या नसतात. रबरी पॅड असतं आणि पाय काय करतोय हे यंत्राला कळवावं लागतं. स्वस्त पेडल फक्त दोन गोष्टी कळवतं : उघडं, बंद. आमच्या कॅश काउंटरच्या खिडकीसारखं. मधली भाषा नाही.

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या माझ्या भाच्यानं म्हणून घरीच पेडल बनवलं. “मामा, ऐका आणि खरं सांगा,” म्हणाला. नातेवाइकांत खरं सांगायची संधी क्वचित येते. मी ती सोडली नाही.

साहित्य : प्लायवूडच्या दोन फळ्या, बिजागरी, स्प्रिंग, पाइपचा तुकडा. पाइपच्या एका टोकाला एलईडीचा दिवा, दुसऱ्या टोकाला उजेड ओळखणारा एलडीआर, मध्ये काळा रंगवलेला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. पाय दाबला की पुठ्ठा सरकतो, उजेड वाढतो. आर्डुइनो नावाचं छोटं सर्किट त्या उजेडाच्या 1024 पायऱ्या करतं, त्यांना आठानं भागून 128 करतं आणि यंत्राला कळवतं. मी कॉमर्सचा. बाकी शून्य उरते म्हटल्यावर माझं मत तिथेच अनुकूल झालं.

गुण पहिला : काही घासत नाही, म्हणून झिजतही नाही. दोष पहिला : एलडीआर उजेडात चटकन जागा होतो, पण अंधार झाला तरी लवकर झोपत नाही. त्यामुळे मिटणं चोख, उघडणं किंचित रेंगाळतं. द्रुत लयीत हे जाणवतं. दोष दुसरा आणि मोठा : खऱ्या हाय-हॅटमध्ये थाळ्या भेटल्याचं तळव्याला समजतं. इथे तळव्याला भेटते ती स्प्रिंग, आणि स्प्रिंग सगळ्यांशी सारखंच वागते.

“एवढी खटपट कशाला? ऐकणाऱ्यांना थोडंच कळतं?” असं आमची ताई विचारते. प्रश्न रास्त आहे. पण आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं, त्याचं एक कारण तिला मींड येत नाही हे होतं. दोन सुरांच्या मधल्या वाटेसाठी आपण एका वाद्याला तीन दशकं रांगेत उभं केलं. मग पोरानं ‘टिक’ आणि ‘झॅऽऽ’च्या मधल्या वाटेसाठी चार रविवार घालवले तर बिघडलं कुठे?

निकाल असा : तळव्याला शून्य गुण, चपळाईला काठावर पास, कुजबुजीला प्रथम श्रेणी. विकत मिळणाऱ्या त्या दोन-शब्दी पेडलपेक्षा हे उजवं आहे. ते हुकूम देतं, हे निदान बोलतं. भाच्यानं निकाल ऐकून घेतला, मान डोलावली आणि विचारलं, “मामा, घरात आणखी जुन्या पत्रिका आहेत का?”