बदक पडायला ट्यूब लागते
यवतमाळ-नागपूर रस्त्यावरच्या आमच्या कळंबात ज्याला नुसतं ‘टीव्ही गेम’ म्हणत, तो जपानच्या निन्टेन्डोने १९८३ च्या जुलैत काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होता. आमची पिवळी कॅसेट ६० पिनांची, जपानी मापाची. अमेरिकेतली ७२ पिनांची. खेळ जपानी, तरी पडद्यावर इंग्रजी. कारण आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत जपान्यांची चित्रलिपी मावत नाही, इंग्रजी कॅपिटल अक्षरं सहज मावतात. (आपल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं तिथे बसवून बघा!) जपानी पोरांसाठी लिहिलेलं ते मोजकं इंग्रजी आमचंही झालं. नामकोच्या १९८५ च्या ‘बॅटल सिटी’त, म्हणजे आमच्या ‘टँक’मध्ये, ‘कन्स्ट्रक्शन’ हा शब्द मी विटा रचता रचता शिकलो.

या खेळांच्या आठवणी पुष्कळ निघतात, पण ते आपल्यापर्यंत अर्धेच पोचले होते, हे कुणी बोलत नाही. ‘एक्साइटबाइक’मध्ये स्वतःचा ट्रॅक बांधता येई आणि खाली ‘सेव्ह’, ‘लोड’ लिहिलेलं असे. ते होतं जपानात मिळणाऱ्या कीबोर्ड आणि टेपरेकॉर्डरसाठी. आमच्याकडे दोन्ही नव्हते. वीज गेली की ट्रॅक गेला. अमेरिकेतही तेच झालं, तिथल्या माहितीपुस्तिकेत तर हे पर्याय चालत नाहीत असं छापलंच होतं. जपानी ‘झेल्डा’त दुसऱ्या रिमोटच्या माइकमध्ये ओरडलं की लांब कानांची भुतं मरत. इंग्रजी आवृत्ती आली तेव्हा माइक गेला, पण ‘त्यांना मोठा आवाज सहन होत नाही’ हे वाक्य पुस्तिकेत तसंच राहिलं.

आपल्याकडे धड पोचली ती एकच जोडवस्तू: बंदूक. ‘चाल बे, बदकं मारू’ म्हटलं की सगळी आळी जमायची. निन्टेन्डोचे बंदुकीचे तीन गाजलेले खेळ १९८४ चेच. ‘वाइल्ड गनमॅन’ नुसती चपळाई तपासतो, दहा मिनिटांत उतरतो. ‘डक हंट’चा जीव त्या हसणाऱ्या कुत्र्यात आहे. पण खरा खेळ ‘होगन्स अ‍ॅली’: पुठ्ठ्याची माणसं वळतात, त्यांत गुंड कोण आणि निरपराध कोण हे ओळखायचं. घोडा न ओढणं हीसुद्धा चाल ठरते, आणि हे त्या तुटपुंज्या चित्रांतून साधणं मला आजही थोर वाटतं.

बंदुकीतून काहीच सुटत नाही. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतला प्रकाशग्राही भाग आधी अंधार, मग उजेड टिपतो. बदकच बंदुकीला दिसतं म्हणा ना. पिक्चर ट्यूब हे त्याच क्षणी दाखवते. एलईडी टीव्ही चित्र आधी स्वतःशी घोळवतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरात नेम वाया जातो. आता कॅमेऱ्याच्या नव्या बंदुका निघाल्या आहेत, त्या पडद्याभोवतीची पांढरी चौकट ओळखून नेम काढतात. त्या चालतात, पण तो काळा लखलखाट त्यांना लागतच नाही, आणि मला तोच हवा असतो.

कॅसेटींची नक्कल मोबाइलमध्ये फुकट उतरते. ट्यूबचा टीव्ही मात्र भंगारात किलोवर जातो. गेल्या उन्हाळ्यात तसाच एक मी उचलून आणला. एका कोपऱ्यात रंग हिरवट झालाय, आवाज खरखरतो. भाचीच्या हाती बंदूक दिली. तिसऱ्या गोळीला बदक पडलं.