निसटणारा चक आणि पुस्तकातले घर्षण

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये एक संशोधक विद्यार्थी उभ्या ड्रिलिंग मशीनवर ॲल्युमिनियमच्या पट्टीची कड घासत होता. चकमध्ये त्याने घासायची लहान चकती धरली होती आणि पट्टी बाजूने तिच्यावर दाबली होती. मिनिटभरात तो किलोभर वजनाचा चक दांड्यावरून सुटला, गरगरत टेबलावर आदळला आणि तेथून जमिनीवर गेला. कुणाला लागले नाही, हे नशीबच. मुलगा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला. मी विचारले, "चक वर कशाने धरलेला होता?" तो म्हणाला, "आत स्क्रू असेल ना, सर."

स्क्रू नव्हता. हातातल्या लहान ड्रिलला चक आट्यांवर बसवतात हे खरे, पण वर्कशॉपमधल्या उभ्या मशीनवर चकच्या पाठीमागे निमुळते भोक असते आणि त्यात तेवढाच निमुळता पोलादी दांडा दाबून बसवलेला असतो. ना आटे, ना खिळा, ना डिंक. दांड्याचे दुसरे टोकही निमुळतेच. ते मशीनच्या स्पिंडलमध्ये तसेच बसते. या टोकाच्या मापांना मोर्स टेपर म्हणतात. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांनी ती १८६० च्या दशकात रूढ केली. सगळा भार फक्त घर्षणावर.

त्या मुलाला मी दोष देत नाही. माझी तक्रार आहे ती आपण घर्षण ज्या पद्धतीने शिकवतो तिच्याबद्दल. बहुतेक पुस्तकांत घर्षणाचा धडा टेबलावर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. ठोकळ्यावरची लंब प्रतिक्रिया त्याच्या वजनाइतकी असते. गणितामागून गणिते अशीच आल्यावर विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसते की लंब बल म्हणजे वजन. मग चकसमोर उभे केले की त्याची मती गुंग होते: वजन किलोभर, म्हणजे सुमारे १० न्यूटन, आणि तेही चकला खालीच ओढते आहे. मग धरून ठेवणारे घर्षण आले कुठून?

पाचरीचे तर याहून वाईट. साध्या यंत्रांच्या यादीत तिला एक चित्र आणि दोन ओळी मिळतात, आणि यांत्रिक लाभ काढताना घर्षण शून्य धरले जाते. घर्षण शून्य असलेली पाचर ठोकल्याबरोबर उडून बाहेर येईल! कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकणाऱ्या सुताराला हे ठाऊक असते. ते पुस्तकात मात्र नसते.

चक म्हणजे गोल गुंडाळलेली पाचरच. थोडा हिशेब करून पाहू. मोर्स टेपरचा उतार साधारण १:२० असतो, म्हणजे २० मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने कमी होतो. एका बाजूचा उतार त्याच्या निम्मा, ०.०२५, म्हणजे जेमतेम दीड अंश. चक आणि दांडा यांच्यामधल्या टेपरचे काही प्रकार याहून थोडे जास्त उताराचे असतात, पण आपण हाच आकडा घेऊ. कोरड्या पोलादावर पोलादाचा घर्षणांक ०.१५ धरू. चक १००० न्यूटन बलाने दाबला, तर आत जाताना दोन गोष्टी विरोध करतात: उताराचा वाटा ०.०२५ आणि घर्षणाचा ०.१५, मिळून ०.१७५. एक हजाराला या आकड्याने भागले की पृष्ठभागावरचे एकूण लंब बल मिळते, सुमारे ५७०० न्यूटन. चकच्या वजनाच्या ५७० पट! दाब काढून घेतला तरी ते जात नाही, कारण किंचित ताणले गेलेले चकचे भोक दांड्याला आवळून धरते. घर्षण फक्त आपली दिशा बदलते. आता उतार चकला बाहेर ढकलू पाहतो आणि घर्षण अडवते. ओढून काढायचे तर ०.१५ वजा ०.०२५, म्हणजे ०.१२५ गुणिले ५७००, सुमारे ७१० न्यूटन लागतील. उतार घर्षणांकापेक्षा लहान आहे तोवर सांधा स्वतःला धरून ठेवतो. मिलिंग मशीनचा ७:२४ टेपर मुद्दाम मोठ्या उताराचा असतो. त्याच्या एका बाजूचा उतार ०.१४६, म्हणजे घर्षणांकाच्या अगदी जवळ. म्हणून तो सहज सुटतो आणि त्याला वरून लांब बोल्टने ओढून धरावे लागते.

आता वर्कशॉपमधला नेहमीचा सल्ला घ्या: टेपर पुसून कोरडा ठेवा, तेल राहिले तर चक घसरेल. सल्ला बरोबर, कारण अर्धेच. समजा तेलामुळे घर्षणांक ०.०५ झाला. तेवढ्याच १००० न्यूटनने चक आता जास्त खोल शिरेल आणि लंब बल १३,३०० न्यूटन होईल. सांध्याची सरासरी त्रिज्या ८ मिलिमीटर धरली, तर तो पेलू शकेल असे आघूर्ण कोरड्या स्थितीत ६.९ न्यूटन-मीटर आणि तेलकट स्थितीत ५.३. घर्षणांक एक तृतीयांश झाला, पण पीळ पेलण्याची ताकद पाव हिश्शानेही घटली नाही. मात्र ओढून काढायला लागणारे बल ७१० वरून ३३० वर आले. म्हणजे तेलकट चक फिरून घसरण्याआधी खाली निसटण्याची भीती जास्त. वरच्या वर्गातल्या मुलांना हे गणित जरूर द्यावे. मला स्वतःला ते पहिल्यांदा केले तेव्हा उत्तर चुकले आहे असे वाटले होते.

भोक पाडताना चक वर, टेपरमध्येच दाबला जातो, म्हणून सारे ठीक चालते. आमच्या मुलाने बाजूने दाब दिला. चक फिरत असल्यामुळे सांध्याची प्रत्येक बाजू आळीपाळीने दाबली जाते आणि सैल होते, आणि प्रत्येक वेळी चक केसभर बाहेर सरकतो. भिंतीतली खुंटी आपण सरळ ओढत नाही, हलवून हलवून काढतो. तोच प्रकार.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, आणि विचारायलाच हवे: घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते असे पुस्तक म्हणते, मग फिटर दांड्याला निळा रंग लावून सगळीकडे टेकतो की नाही हे का बघतो? नियम चुकीचा नाही, पण तो सगळे सांगत नाही. दांडा एकाच टोकाला टेकला तर चक डुलतो, आणि सगळा दाब अरुंद पट्ट्यावर येऊन तिथला धातू चेपतो. मग ती आवळ कुठली राहायला! ओरखड्याची उचललेली कड किंवा लोखंडाचा एक कीस एवढे करायला पुरतो. असा चक चिकटद्रव्य लावून बसवणारे मी पाहिले आहेत. मला तो उपाय पटत नाही. कीस तिथेच राहतो आणि दिसेनासा होतो.

वर्गात चक नेण्याची गरज नाही. स्टीलचे दोन पेले एकमेकांत अडकले की आतल्यात गार पाणी ओतून बाहेरचा गरम पाण्यात धरतात, हे घरोघरी माहीत असते. मुलांना कोरड्या पेल्याचा वरचा आणि खालचा व्यास व उंची मोजू द्या, उतार काढू द्या. मग स्टीलची पट्टी स्टीलच्या ताटावर ठेवून ताट कलते करा. ती घसरू लागते त्या उतारावरून घर्षणांक मिळेल. दोन्ही आकडे शेजारी लिहा. चक बसवताना कारागीर हीच युक्ती उलटी वापरतात: दांडा थंड, चक कोमट. १६ मिलिमीटर व्यासात ६० अंशांच्या फरकाने सुमारे ०.०१२ मिलिमीटर फरक पडतो. ऐकायला नगण्य, पण १:२० च्या उतारावर त्याचे २० पट होतात, आणि चक पाव मिलिमीटरच्या आसपास अधिक खोल बसतो. ठोकायचेच असेल तर जबडे आधी पूर्ण आत घ्यावेत आणि लाकडी हातोडा वापरावा.

आमचा चक आम्ही नंतर निळा रंग लावून तपासला. रंग फक्त वरच्या टोकाला उठला. खाली दांड्यावर नखाला लागेल अशी ओरखड्याची कड होती. ती त्या मुलानेच बारीक दगडाने उतरवली आणि पुन्हा रंग लावला. तिसऱ्या खेपेला तो सगळीकडे उठला.