सगळं सांभाळून

आपल्याकडे एखाद्या बाईचं पुस्तक निघालं, की प्रकाशनाच्या कार्यक्रमात एक वाक्य हमखास येतं : "घरचं सगळं सांभाळून त्यांनी हे लेखन केलं आहे." बोलणारा मनापासून बोलतो, समोरच्या बायका टाळ्या वाजवतात, लेखिका हात जोडते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर तेच, महिला मंडळाच्या अहवालात तेच. पुरुषाच्या पुस्तकाबद्दल 'नोकरी सांभाळून लिहिलं' असं कधीमधी म्हणतात, पण 'घर सांभाळून लिहिलं' असं म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

हे वाक्य कौतुकाचं असल्यामुळे त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. 'सांभाळून' म्हणजे काय? तर लिहायला बसल्यावर दाराची बेल वाजते, उठायचं. परत बसलं की कुकरची शिट्टी, उठायचं. मग फोन, मग "माझा टॉवेल कुठाय?" अशा तुकड्यातुकड्यांनी झालेलं लिखाण शेवटी कसं होतं? तुकड्यांचंच राहतं, की त्याला त्याची म्हणून काही घडण येते? समीक्षक या वाटेला फारसे जात नाहीत. मी गृहिणी आहे, माझा रस्ताच तो आहे. म्हणून तीन पुस्तकं समोर ठेवून मी हे बघायचं ठरवलं.

पहिलं पुस्तक इंग्रजी, व्हर्जिनिया वुल्फ यांचं 'अ रूम ऑफ वन्स ओन'. १९२८ साली केंब्रिजच्या मुलींच्या दोन कॉलेजांत त्यांनी भाषणं दिली, त्यावरून १९२९ मध्ये हे छोटं पुस्तक झालं. बाईला लिहायचं असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि कडी लावता येईल अशी स्वतंत्र खोली हवी, हे त्यातलं म्हणणं बी.ए.ला इंग्रजी असलेल्या सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पुस्तक मात्र पुरतं वाचलेलं नसतं. पुरतं वाचलं की दिसतं, वुल्फबाई व्यत्ययाबद्दल फार बारकाईनं बोलतात. जेन ऑस्टिन घरातल्या सगळ्यांच्या बैठकीत बसून लिहायची. तिच्या भाच्यानं लिहून ठेवलंय की ती छोट्या कागदांवर लिहायची, कोणी आलं की ते पटकन झाकता यावेत म्हणून. एक दार करकरायचं, ते तिनं दुरुस्त करू दिलं नाही, कारण त्या आवाजानं माणूस येतंय हे आधी कळायचं. आपल्यातल्या किती जणींनी डायरीवर भाजीचं ताट ओढून घेतलंय, ते आपलं आपल्याला माहीत.

वुल्फबाईंचा निवाडा असा, की एवढं असूनही ऑस्टिनच्या लेखनात या अडचणीची खूण दिसत नाही, आणि हाच तिचा मोठेपणा. उलट शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये ती खूण दिसते. जेन गच्चीवर उभी राहून बायकांच्या कोंडलेल्या जिण्याचा विचार करत असते आणि मध्येच ग्रेस पूलचं हसणं ऐकू येतं. इथे सांधा निखळला, लेखिकेला आपला राग आवरला नाही, असं बाईंचं मत.

इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. मी तो उतारा वाचते तेव्हा मला तो खरा वाटतो. घरात राहणाऱ्या बाईचा विचार असाच तुटतो. ती कुठेतरी लांब पोहोचलेली असते आणि आतून कोणीतरी हसतं, ओरडतं, हाक मारतं. तो विचार गुळगुळीत करून मांडला असता तर वाक्य सुबक झालं असतं, पण त्यातलं जगणं गेलं असतं. व्यत्ययाची खूण पुसणं हीच कला, असं धरलं तर बाईच्या लेखनातली निम्मी गंमत आणि निम्मं दुःख दोन्ही बाहेर राहतं.

आणखी एक. त्या पुस्तकात पाचशे पौंड मिळतात ते एका आत्याच्या मृत्यूमुळे, आणि ती आत्या मरते ती मुंबईत, घोड्यावरून पडून! वुल्फबाई हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. पण तिथे मी थांबते. स्वतःच्या खोलीचे पैसे कुठून आले, आणि आपण कडी लावून बसलो तेव्हा चुलीपाशी कोण होतं, हे विचारायला हवं. वुल्फबाईंच्या घरात १९१६ पासून १९३४ पर्यंत नेली बॉक्सॉल नावाची स्वयंपाकीण होती. तिच्याशी झालेल्या कटकटींनी बाईंच्या डायऱ्या भरल्या आहेत. एकीचा व्यत्यय टळतो तो बहुतेक वेळा दुसरीनं अंगावर घेतल्यामुळे. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या बाबतीतही हे तितकंच खरं.

आता दुसरं पुस्तक. नेलीनं वुल्फबाईंचं घर सोडलं त्याच १९३४ साली मराठीत 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला. लक्ष्मीबाई टिळक तेव्हा साठी ओलांडलेल्या. शाळेत गेलेल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांना स्वतःची खोली सोडाच, स्वतःचं गावसुद्धा टिकत नव्हतं. टिळकांच्या मनात आलं की बिऱ्हाड हललं. टिळक बाजारात एक आणायला जाणार आणि घेऊन दुसरंच येणार. घरात दाणा नसताना पाहुणा आणणार. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार मधोमध तुटला. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या, नंतर त्यांनीही तो धर्म स्वीकारला. सगळं आयुष्यच व्यत्ययांनी भरलेलं.

मग त्यांनी काय केलं? व्यत्यय हाच पुस्तकाचा विषय केला. 'स्मृतिचित्रे'त काहीतरी नीट चाललेलं असतं आणि टिळक दारातून आत येतात, की गोष्ट सुरू होते. वुल्फबाईंच्या मतानं जे लेखनाच्या आड येतं, ते इथे लेखनाचं इंजिन आहे. पुस्तकाची घडणही बघा. प्रसंग छोटा, संवाद चटकदार, आणि प्रसंग संपला की संपला. पुढचा नव्यानं सुरू होतो. कुठेही उघडा, चार पानं वाचा, उठा, भाकरी थापा, परत या, काही अडत नाही. हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी स्वयंपाकघरात वाचलं त्याचं कारण, मला वाटतं, या घडणीत आहे. वुल्फबाईंनीही म्हटलंय की बायकांची पुस्तकं आटोपशीर असावीत, कारण त्यांना व्यत्यय येतच राहणार. लक्ष्मीबाईंनी ते न वाचता करून दाखवलं, आणि तेही चार भागांच्या ऐसपैस पुस्तकात!

फक्त एक हिशेब विसरू नये. टिळक वारले १९१९ साली, पुस्तक आलं त्यानंतर पंधरा वर्षांनी. व्यत्यय आणणारा माणूस गेल्यावरच त्या व्यत्ययांचं पुस्तक झालं. 'सगळं सांभाळून' म्हणताना ही पंधरा वर्षं, आणि त्याआधीची सगळी, कोणी मोजत नाही.

तिसरं पुस्तक 'बहिणाबाईंची गाणी'. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, पुस्तक आलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या गात गेल्या, मुलानं आणि मावसभावानं उतरवून घेतलं म्हणून गाणी राहिली. त्यांच्याबद्दल तर 'सांभाळून'चा फार मोठा जयघोष होतो. बघा, शेतात राबून, दळून-कांडून एवढं काव्य केलं! मग आजच्या बाईला मिक्सर आहे, गॅस आहे, तिला का जमू नये?

या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या सासूबाईंकडे मिळालं. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. बेळगावजवळच्या खेड्यात त्यांनी लहानपणी आईसोबत पहाटे पायलीभर जोंधळे दळलेत. एकदा मी त्यांना सहज विचारलं, एवढं दळताना कंटाळा येत नव्हता का? म्हणाल्या, "कंटाळा कसला गं? हात दुखायचे ते दुखायचेच. पण जात्यावर बसलं की कोण हाक मारत नव्हतं बघ. पोरगं रडलं तरी दुसरी उठायची."

कोण हाक मारत नव्हतं! मी जात्याला नुसते कष्ट समजून कितीतरी ओव्या वाचल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात गोळा झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते, आणि त्या गाणाऱ्या बायका खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर. एवढं सगळं 'व्यत्ययातून' झालं असं आपण म्हणतो. ते उलट आहे. पहाटेचं दळण हा बाईच्या दिवसातला बिनव्यत्ययाचा काळ होता. सकाळच्या भाकरीचं पीठ त्यावर अवलंबून, म्हणून तिला कोणी उठवत नसे. हात खुंट्याला, घरघर कानाशी, सोबतीला एखादी जाऊ, आणि तोंड मोकळं. बाहेरच्यांच्या लेखी ती दळत होती. तिच्या लेखी ती दळतही होती आणि रचतही होती. जातं ही तिची कडी लावलेली खोली होती. खान्देशात जात्याला घरोट म्हणतात, आणि बहिणाबाईंचं त्या घरोटावरही गाणं आहे.

मग गावात पिठाची गिरणी आली. बायकांचे हात सुटले, आणि ते फार चांगलं झालं. जातं परत आणा असं कोणी म्हणू नये, म्हणणाऱ्यानं आधी पायलीभर दळून दाखवावं. पण त्या कष्टांबरोबर ती खोलीही गेली, आणि बदल्यात दुसरी मिळाली नाही. आताची कामं हलकी आहेत, म्हणून मध्येच सोडता येतात. म्हणून बाईला केव्हाही हाक मारता येते. "तू काय, मोकळीच आहेस ना?" हे वाक्य जात्यावरच्या बाईला कोणी म्हटलं नसेल. आमच्यासारख्या घरांत तर वडीलधारी दिवस मावळायच्या आत जेवतात आणि मुलं ऑफिसातून नऊला येऊन जेवतात, म्हणजे स्वयंपाकघर दोनदा आवरायचं. मध्ये जो वेळ उरतो तो मोजायला भरपूर, पण सगळा सुटी नाण्यांत.

तेव्हा तिन्ही पुस्तकं मिळून सांगतात ते एवढंच. व्यत्ययाची खूण म्हणजे लेखनाचा दोष नव्हे, त्यातून नवी घडण निघू शकते, लक्ष्मीबाई साक्षीला आहेत. पण ज्या बायकांनी खूप काम केलं, त्यांच्या दिवसात कुठेतरी एक न मोडणारा तुकडाही होता. ऑस्टिनला करकरणारं दार होतं, बहिणाबाईंना घरोट होता. 'सगळं सांभाळून' हे कौतुक तो तुकडा झाकून टाकतं आणि पुढच्या बाईला तो मागायची लाज वाटायला लावतं. हे कौतुक बंद करावं असं मला वाटतं. त्याऐवजी लेखिकेला विचारावं, तुम्ही लिहीत होता तेव्हा दार कोणी उघडलं?

आता आपल्या घरांना हे जमणारच नाही, असं कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. आपल्याकडे बाई सामायिकाला बसली की दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, तिला कोणी हाक मारत नाही. कुकर दुसरं कोणी बंद करतं. फोन आला तर "आई सामायिकात आहे" एवढं नातूसुद्धा सांगतो. म्हणजे न अडवण्याची रीत घराला पाठ आहे. फक्त कोणत्या कामाला ती लावायची, एवढाच प्रश्न. सामायिक सामायिकच आहे, त्याच्या वेळात लिहायला बसा असं मी सांगत नाही. पण आपल्या परंपरेनं स्वाध्यायालाही आभ्यंतर तपात बसवलंय, तेव्हा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या बाईलाही तेवढ्याच आदरानं दोन घटका मिळायला काय हरकत आहे?

आणि त्याहून जास्त मागायचीही गरज नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात उमास्वामींनी ध्यानाची मर्यादा सांगितली आहे. उत्तम शरीरबळाच्या माणसाचंही चित्त एका ठिकाणी अंतर्मुहूर्तापर्यंतच टिकतं, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आतच. मग आपल्यासारख्यांनी पाच तासांची एकांतवासाची स्वप्नं कशाला बघायची? रोज एक मुहूर्त पुरे. वर्षाचे तीनशे पासष्ट मुहूर्त होतात, त्यात पुस्तक बसतं.

त्या मुहूर्ताला काय म्हणायचं, ते ज्या त्या घरानं ठरवावं. आमच्या आत्तींना विचाराल तर त्या म्हणतील, "म्हणा की, दळायला बसलीया."