चित्र आणि झबले

अर्भकाच्या झबल्यावर एखाद्या स्वतंत्र चित्रकाराचे भावाविष्कारी चित्र छापून विकण्याची रीत आज रूढ झाली आहे. निव्वळ बाजारी हौस म्हणून ती बाजूस सारणे सोपे होय. परंतु चित्रातील आविष्कार कोणाचा व कोणाप्रत, हा प्रश्न तिच्यामुळे जितका उघडा पडतो तितका चित्रदालनात पडत नाही.

सोनिया दलोने या चित्रकर्त्रीने १९११ साली आपल्या नवजात पुत्रासाठी रशियन शेतकरी-घरांतील पद्धतीने कापडाचे तुकडे जोडून एक पांघरूण शिवले. ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात असून तिच्या अमूर्त शैलीचा उगम अनेक अभ्यासक तेथेच पाहतात. या पांघरुणात रंग कापडावर चढविलेला नाही, कापड हाच रंग आहे. दोन रंग भेटतात तेथे शिवण आहे, आणि शिवण हीच रेषा. मराठी घरांतील गोधडीची जातकुळी हीच. मात्र तिच्या शिवणारीने तिला कलाकृती म्हटले नाही, म्हणून समीक्षेनेही तिची फारशी विचारपूस केली नाही.

छापील झबल्यात हा क्रम उलटतो. चित्र आधीच पूर्ण झालेले असते. कापड त्याला नंतर भेटते. कुंचल्याच्या फटकाऱ्याची जाडी जाते व तिचे छायाचित्र उरते. हातभर लांबीचा फटकारा बोटभर होतो. उष्णतेने वाफ करून उतरविलेला रंग पॉलिएस्टरलाच धरतो, सुती धाग्याला नव्हे. तयार कपड्यावर छापताना काखेतील चुण्यांत पांढरे पट्टे राहतात. गळ्याचा काप चित्रातील कोणत्या स्थळी पडावा, हे चित्रकार नव्हे तर शिंपीकाम ठरविते.

याहून महत्त्वाचा बदल वक्त्याचा आहे. कोणतेही विधान वक्ता, श्रोता व प्रसंग यांनी पूर्ण होते. कॅनव्हासवर बोलतो तो चित्रकार. झबल्यावर तेच शब्द मातापित्यांच्या तोंडी जातात, श्रोता होतो तो घरी आलेला पाहुणा, आणि बालक केवळ कागद ठरते. पहिल्या काही आठवड्यांत अर्भकाला वीत-दीड वीत अंतरावरचेच काहीसे स्पष्ट दिसते. स्वतःच्या छातीवरील चित्र त्याच्या दृष्टीस पडत नाही. दलोनेचे पांघरूण निदान त्याच्या मुठीत तरी येत होते.

चित्रकाराला यातून चार पैसे मिळतात, आणि जेथे चौकट पोहोचत नाही तेथे चित्र पोहोचते, हा युक्तिवाद क्षुल्लक नव्हे. राऊल द्युफीने १९१२ पासून लियोंच्या बियांकिनी-फेरिए या वस्त्रसंस्थेसाठी दीर्घकाळ काम केले. त्याने त्याच्यातील चित्रकार उणावला नाही. परंतु द्युफीने आपले कॅनव्हास कापडावर उतरविले नाहीत. आकृतीची पुनरावृत्ती, ठशाची मर्यादा, कापडाचा पडणारा घोळ हे ध्यानी घेऊन त्याने आकृत्या नव्याने रचल्या. तेव्हा आक्षेप कापडाला नाही, व्यापारालाही नाही. गळा, बाह्या, पाठ असे झबल्याचे कापलेले तुकडे समोर पसरून त्यांवर रंगयोजना करणारा चित्रकार आजही हेच काम करू शकेल. त्यासाठी त्याला आपले जुने चित्र मात्र घरी ठेवावे लागेल.